एका दुपारचे दोन उन्हाळे

सकाळी आंघोळ करून आले तर सुनेनं पलंगावर माझे कपडे काढून ठेवले होते. कपाटात बाहेर जायचे इस्त्रीचे जोड टांगलेले असतात, ते सोडून तिनं अगदी तळातून, मी फडक्यांसाठी बाजूला टाकलेला विटका जोड उपसून काढला होता. कोपरावर विरलेला, गळ्याशी रंग उडालेला. मला वाटलं चुकून झालं. मी तो बाजूला सारला तर म्हणाली, आई, आज हाच घाला. बोलत होती माझ्याशी आणि बघत होती खिडकीकडे. ही मुलगी दुसऱ्याचा निरोप स्वतःचा म्हणून सांगताना खिडकीकडे बघते, लग्न होऊन आली त्या पहिल्याच आठवड्यात मला हे कळलं होतं. कुणी सांगितलं, म्हणून विचारलं तर ओठ आत ओढून घेतले. उत्तर दारात उभं होतं, बूट घालून तयार. मुलगा म्हणाला, आई, चौकशीला जायचंय, लग्नाला नाही. मी म्हटलं, तुझ्या बापाशी लग्न केलं तेव्हासुद्धा याहून बरे होते माझ्याकडे. पण बोलता बोलताच मला उमगलं. मी त्या खोलीत शिरले की खुर्चीतल्या माणसाला वाटलं पाहिजे, ही कोण बिचारी म्हातारी, हिला काय विचारायचं. मी तो जोड घातला. आरशात बघितलं तर त्यांचं काम चोख झालं होतं.

बोलायचं वाक्यही ठरलेलं होतं. मला लाकडातलं काही कळत नाही, सगळं मुलगा बघतो. एवढंच. मुलानं ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि दुसऱ्यांदा म्हणाला, जरा हळू म्हण, अडखळत म्हण. ज्याला मी बोलायला शिकवलं तो मला अडखळायला शिकवत होता. हे टेबलाशी वर्तमानपत्र धरून बसले होते, पण पान उलटत नव्हते. चार दिवसांनी ह्यांचा शपथविधी होता. प्रांताचं बांधकाम खातं ह्यांच्याकडे यायचं होतं, आणि ह्यांनीच उद्घाटन केलेल्या शाळेच्या मोठ्या खोलीचं छत तीन आठवड्यांपूर्वी खाली आलं होतं. सुट्टी होती म्हणून मुलं वाचली. शिपाई एकटाच तिथं डबा खात बसला होता, त्याचा पाय गुडघ्यापासून गेला. छताच्या तुळया आमच्या वखारीतल्या, आणि वखार माझ्या नावावर. हे पहिल्यांदा निवडून आले तेव्हा वकिलानं सांगितलं होतं की सभागृहात बसणाऱ्या माणसाला सरकारी कामाला माल देता येत नाही, तर बायकोच्या नावावर करा. मी सही केली. दोन इयत्ता शिकलेय, सही येते. त्या दिवसापासून मी वखारीची मालक झाले आणि त्याच महिन्यापासून सगळे मला वखारीत येऊ नका म्हणून सांगायला लागले. आमदाराची बायको लाकडात उभी राहिलेली बरी दिसत नाही. तरी मी जायचे. थप्प्या माझ्याशिवाय कुणाला लावता येत नव्हत्या, हे त्यांनाही ठाऊक होतं.

गाडीत मुलगा पुढं बसला, हे माझ्या शेजारी. ह्यांच्या अंगाला कसल्याशा बाटलीतला वास येत होता. पूर्वी हे घरी आले की आधी लाकडाचा वास यायचा आणि मग हे यायचे. मानेच्या घडीत भुसा साठलेला असायचा, मी ओल्या फडक्यानं तो पुसायचे आणि हे मान खाली घालून बसून राहायचे, घोड्यासारखे. रुळांच्या मागं पत्र्याची एक शेड भाड्यानं घेतली होती, तिथून सगळं सुरू झालं. वादळात पडलेली झाडं हे विकत घ्यायचे, दुसऱ्याच्या करवतीवर कापून आणायचे, आणि मी थप्पी लावायचे. थप्पी लावणं हे मोठं काम आहे, बघणाऱ्याला ते कळत नाही. दोन लाकडांत बारीक पट्टी घालायची, म्हणजे वारा आतून फिरतो. पट्ट्या एकीच्या डोक्यावर एक आल्या पाहिजेत, नाही तर खालचं लाकूड वाकतं. वरून पत्रा, पण पत्रा टेकू द्यायचा नाही. आणि मग थांबायचं. थांबणं आमच्या दोघांत मलाच जमायचं. ह्यांना सगळं आज पाहिजे असायचं. लाकूड मात्र कुणाच्या बापाचं ऐकत नाही. फळीला एक उन्हाळा पुरतो, दाराच्या चौकटीला दोन लागतात, छताच्या तुळईला तीन. ओली तुळई वर चढवली तर ती वरच वाळते. वाळता वाळता पीळ धरते, खिळे सैल करते, आणि एक दिवस तिचं भिंतीतलं टोक सुटतं.

हे आधी लाकडाच्या टोकावर खडूनं साल लिहायचे. पावसात ते धुऊन जायचं, आणि लिहिलेलं असलं तरी हमालांना कुठं वाचता येत होतं. मलाही अडखळतच येत होतं. मग मी एक दिवस तांबड्या रंगाच्या डब्यात बोट बुडवलं आणि टोकावर ठेवलं. दर उन्हाळा सरला की प्रत्येक लाकडाला एक ठिपका. यात वाचायचं काही नव्हतं, मोजायचं फक्त. वर्षभरात सगळ्या सुतारांना ते पाठ झालं. गिऱ्हाईक मालाबद्दल काही विचारायला लागलं की हे म्हणायचे, टोक बघा. पुढं मुलानं ओल मोजायचं यंत्र आणलं, दोन टोकदार सुया असलेलं. ते अजून टेबलाच्या खणात पडून आहे. सुतार वखारीत आले की आधी मान वाकडी करून थप्पीच्या टोकाकडे बघतात आणि मग बोलायला लागतात. मुलीला जन्म दिला त्या उन्हाळ्यातही मी आठव्या दिवशी रंगाचा डबा घेऊन उभी होते. सासू म्हणाली होती, हिला मूल झालंय का लाकूड. मी म्हटलं, दोन्ही वाळवायची आहेत. त्यावर ती तीन दिवस माझ्याशी बोलली नव्हती, आणि ते तीन दिवस घरात फार बरे गेले.

राजकारणात हे कसे गेले, असं लोक मला विचारतात, जणू मी ढकलून दिलं. लाकडातूनच गेले. शहरात सभा झाली की मंच उभारायला फळ्या आणि वासे आमच्याकडून जायचे. सगळ्या पक्षांना जायचे, ह्यांना कुणी परका नव्हता. पण आपल्या फळ्यांवर आपला विश्वास असला तरी वर चढणाऱ्यांच्या वजनावर नव्हता, म्हणून सभा संपेपर्यंत हे मंचाखाली उभे राहायचे, वर बघत, कान देऊन, कुठं कुरकुर होतेय का ते ऐकत. अशी सात-आठ वर्षं ह्यांनी भाषणं खालून ऐकली. एकदा घरी येऊन म्हणाले, अगं, हे लोक काहीच बोलत नाहीत, नुसते पाय आपटतात. पुढच्या निवडणुकीत स्वतःच वर चढले. पहिलं भाषण मी गर्दीत उभी राहून ऐकलं. सात मिनिटांचं होतं आणि त्यातली पाच मिनिटं हे तो मंच कसा उभा केलाय तेच सांगत होते, कुठला वासा कुठं आणि का. लोक हसून हसून बेजार झाले आणि मतं देऊन मोकळे झाले. विरोधकांनी ह्यांना भुसा म्हणून नाव ठेवलं, तेही ह्यांनी मिरवलं. पोस्टरवर छापलं. पण नंतर बोलणं बदललं. पूर्वी हो म्हणायचे नाही तर नाही म्हणायचे. आता बघू आपण, असं म्हणायला लागले. मी भाजी काय करू म्हणून विचारलं तरी, बघू आपण. तळहात मऊ झाले. मुलाच्या हातात वखार आली, त्यानं करवत मोठी केली आणि थप्प्यांची जागा कमी केली. त्याला थांबलेलं लाकूड दिसलं की पोटात दुखतं.

आणि मग तो दिवस. मागच्या वर्षी, ऊन कलायच्या सुमाराला. मी वखारीत होते. हे आले, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, बरोबर कुणी नाही. कितीतरी दिवसांनी आले होते. रुमाल अंथरून ओंडक्यावर बसले, पूर्वी बसायचे तसे, पण पूर्वी रुमाल नसायचा. घरचं विचारलं, गुडघ्यांचं विचारलं. मी म्हटलं, कामाचं बोला. तेव्हा म्हणाले की शाळा निवडणुकीच्या आधी उघडली पाहिजे. तुळया बेचाळीस लागतात आणि वखारीत तीन ठिपक्यांच्या अकराच आहेत. एका ठिपक्याच्या मात्र मागं पुष्कळ आहेत. मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, आईच्या रंगाला मी हात लावणार नाही, सुतार ओळखतात. मी म्हटलं, मग माझ्याकडे कशाला आलात, मी दोन उन्हाळे कुठून आणू. तर हे उठले, माझा उजवा हात हातात घेतला आणि म्हणाले, तुझ्या बोटात आहेत.

मी याचा पुष्कळ विचार केलाय, आणि अजून मला त्यात कुणाचा जुलूम सापडत नाही. ह्यांनी आवाज चढवला नाही, धाक घातला नाही. नाही म्हटलं असतं तर हे गुपचूप निघून गेले असते आणि दुसरीकडून वाळलेल्या तुळया आणून शाळा सहा महिन्यांनी उघडली असती. निवडणूक कदाचित हरले असते. माणसं हरतात, घरी येऊन जेवतात. पण बारा वर्षांत ह्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. सल्ला नाही, मत नाही, कुणाला बोलवू आणि कुणाला नको हेसुद्धा नाही. मी खुर्चीत बसून फोटोत यायचे. आणि आता प्रांतातली सगळी माणसं हाताशी असताना अडलं ते माझ्या एका बोटाशी. मला बरं वाटलं. हे कबूल करायला मला तीन आठवडे लागले, पण खरं तेच, मला फार बरं वाटलं. एकेका तुळईवर पहिल्या ठिपक्याशेजारी दुसरा, त्याच्याशेजारी तिसरा. दुसरा ठिपका मी पातळ केला, रंग पुसून जुना दिसेल असा. कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला. हातच तसा गेला. दहातल्या आठ वेळा काही होत नाही, असंही मनाशी म्हटलं. एकतीस तुळया झाल्या तेव्हा दिवस मावळायचा होता अजून.

शिपायाला बघायला मी दवाखान्यात गेले होते. त्याच्या बायकोनं मला बसायला स्वतःची खुर्ची दिली. तो म्हणाला, साहेबांनी स्वतः फोन केला होता, किती मोठं मन. चादर गुडघ्यापर्यंत उंच होती आणि त्यापुढं एका बाजूला सपाट.

चौकशीच्या इमारतीपाशी गाडी थांबली. हे उतरले नाहीत, कुणाला दिसले तर बरं नाही म्हणून. काच खाली करून मला म्हणाले, घाबरू नकोस. मी म्हटलं, मी कुठं घाबरलेय. जिने चढताना मुलानं माझा दंड धरला होता, आधार द्यायला का अडवायला ते मला समजेना. वरच्या खोलीत एक लांब टेबल होतं, त्यामागं चौकशी अधिकारी, आणि भिंतीशी बाकावर आमचा सुतार. शाळेचं छत चढवलं ते यानंच. पत्र्याच्या शेडपासूनचा माणूस आहे. पहिली तुळई आमच्याकडून यानंच नेली होती. तीस वर्षं मला वहिनी म्हणतोय आणि तीस वर्षांत त्यानं माझा ठिपका एकदाही ठोकून बघितला नव्हता. मला बघून तो उठून उभा राहिला. त्यानं जबाब दिला होता की तीन ठिपके होते म्हणून चढवल्या. ठिपके म्हणजे काय, असं विचारल्यावर म्हणाला होता, वहिनींना विचारा. म्हणून मला बोलावणं आलं होतं. मी ते पाठ केलेलं वाक्य म्हटलं की ठिपका म्हणजे नुसता सांडलेला रंग ठरणार होता आणि ओलं लाकूड जाणूनबुजून चढवणारा म्हणून सुतार तुरुंगात जाणार होता. ते वाक्य म्हटलं नाही तर ह्यांचं मंत्रिपद जाणार होतं, आणि कदाचित त्याहून जास्त.

अधिकारी तरुण होता. त्यानं माझे कपडे बघितले आणि आवाज मोठा केला, बहिऱ्याशी बोलावं तसा. म्हणाला, आजी, घाबरू नका, तुम्हाला त्रास देणार नाही. एकाच सकाळी दोघांनी मला घाबरू नको म्हणून सांगितलं होतं. टेबलावर तुळईचं कापलेलं टोक ठेवलेलं होतं, वीतभर जाडीचं. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते, पण ते माझंच होतं, आणि तो पातळ केलेला दुसरा ठिपका इतका सफाईनं केलेला होता की मला क्षणभर, देवा क्षमा कर, कौतुक वाटलं. अधिकारी म्हणाला, हे तांबडं काय आहे, तुम्हाला माहीत आहे का. मुलगा माझ्या आधी बोलला, म्हणाला, आईला लाकडातलं काही कळत नाही. आणि तो हे इतक्या सहज म्हणाला, इतक्या मायेनं, की मला दिसलं, त्याला हे आज सुचलेलं नाही. ही चौकशी नसती तरी त्यानं हेच सांगितलं असतं. पाहुण्यांना, गिऱ्हाइकांना, स्वतःच्या मुलांना, मी गेल्यावरसुद्धा.

मी म्हटलं, "हा पहिला ठिपका खरा आहे. हे दोन खोटे आहेत. तिन्ही माझे आहेत."

मग सगळं सांगितलं, एक उन्हाळा म्हणजे काय, तुळईला तीन का लागतात, कुठल्या एकतीस आणि कुठल्या अकरा. अधिकाऱ्याचा आवाज हळूहळू खाली आला आणि लिहिण्याचा वेग वाढला. मुलगा दोनदा आई म्हणाला, तिसऱ्यांदा नुसता खोकला. शेवटी अधिकाऱ्यानं पेन थांबवलं आणि विचारलं, हे तुम्हाला करायला कुणी सांगितलं. खाली गाडीत काच अर्धी उघडी टाकून हे बसले होते. मी म्हटलं, "वखार माझी आहे. माझ्या वखारीत मला कोण सांगणार?"

त्यानं जबाब वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी त्यानं लिहिलं होतं की सदर ठिपके नजरचुकीने लावले गेले. दया आली असेल त्याला, कपडे बघून. मी म्हटलं, तो शब्द काढा. तो म्हणाला, आजी, तो तुमच्या फायद्याचा आहे. मी म्हटलं, माझी नजर चुकलेली नाही, काढा. त्यानं खोडला आणि मी खाली सही केली.

खाली आले तेव्हा मुलगा आधी गाडीशी पोहोचला होता आणि ह्यांना सगळं कळलं होतं. ह्यांचा चेहरा पूर्वीसारखा झाला होता, शेडमधल्या दिवसांसारखा, गालाची हाडं वर आलेली. म्हणाले, माझं नाव घेतलं नाहीस. त्या आवाजात उपकार मानल्याचा सूर होता आणि तोच मला सोसवला नाही. मी म्हटलं, तुमचं नाव घेतलं असतं तर लोक म्हणाले असते, बाईला काय कळतंय, नवऱ्यानं सांगितलं म्हणून बोट बुडवलं. शपथविधीचं काय ते दोघांनाही कळून चुकलं होतं. बायकोची वखार आणि नवऱ्याचं खातं, एवढा हिशेब विरोधकांना कुणी शिकवायला नको. मग सवयीनं म्हणाले, बघू आपण. आणि म्हणून झाल्यावर स्वतःलाच ऐकू आल्यासारखे खाली बघायला लागले.

सुतार जिना उतरून आला. मला वाटलं होतं तो माझ्याशी बोलेल, तीस वर्षांचं काहीतरी बोलेल. निदान सुटलो, एवढं तरी. तो समोर येऊन उभा राहिला, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. म्हणाला, "वहिनी, शाळेच्याच एकतीस होत्या ना?"

मी म्हटलं, तेवढ्याच. बाकी सगळे खरे आहेत.

"हे मला आता कसं कळायचं?"

तो काही टोचून बोलत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. शहरात त्यानं माझ्या ठिपक्यांवर चढवलेली शेकडो छतं होती आणि त्यांच्याखाली माणसं स्वयंपाक करत होती, झोपत होती, अंगं धूत होती. मी विचारलं, गेल्या वर्षभरातलं जवळचं घर कुठलं. तो म्हणाला, मागच्या गल्लीत, शिंप्याचं. मी म्हटलं, चल. मुलानं हाक मारली, आई, गाडी इकडं आहे. मी वळले नाही. सुतार माझ्यापुढं चालत होता. पूर्वी तो माझ्या गुडघ्यांसाठी पाऊल आवरायचा, आज आवरत नव्हता, आणि मीही त्याला थांब म्हटलं नाही.

शिंप्यानं यंत्र थांबवून आम्हाला आत घेतलं. छत बघायचंय एवढंच सुतारानं सांगितलं. मागच्या पडवीत भिंतीच्या बाहेर आलेल्या टोकावर तीन ठिपके होते, आणि ते तीन उन्हाळे मला एकेक करून आठवत होते. मधल्या वेळी माझं बोट कापलं होतं म्हणून तो डाव्या हाताचा, जरा कलता आला होता. मी सुताराला ते सांगितलं. त्यानं ऐकलं, मान हलवली. मग शिडी लावली आणि पिशवीतून गिरमिट काढून वर चढला. तीस वर्षांत त्यानं माझ्या लाकडाला कधी गिरमिट लावलं नव्हतं. तो ते तुळईत फिरवायला लागला. मी खाली शिडी धरून उभी राहिले आणि कोरडा भुसा हळूहळू माझ्या मनगटांवर पडत राहिला. थोड्या वेळानं त्यानं चिमूटभर भुसा बोटांत घेतला आणि चोळून बघितला. मग शिडी न सोडता शेजारी हात लांबवून तो दुसऱ्या तुळईला भोक पाडायला लागला.